फाइल लहान, चित्र चांगलं : व्हिडिओच्या फॉरमॅटची निवड कशी करावी



या मालेतली व्याख्यानं आपल्यापैकी पुष्कळजण मोबाइलवर पाहतात, कोणी रात्री जेवणं झाल्यावर, कोणी एसटीत बसून. त्यांच्याकडून दोन तऱ्हेच्या तक्रारी सतत येतात. पहिली अशी, की फाइल फार मोठी आहे. दिवसाचा दीड जीबी डेटा एका व्याख्यानात संपतो. दुसरी अशी, की फळ्यावरचं वाचता येत नाही, चित्र धुरकट दिसतं. गंमत म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच व्याख्यानाबद्दल असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. त्यातच यंदा संयोजकांनी कपाटातल्या जुन्या टेप बाहेर काढल्या आहेत. काही व्हीएचएस आहेत, काही मिनीडीव्ही. त्यांवर जे बोलताहेत, त्यांतले बरेचजण आज हयात नाहीत. या टेप वाजवणारी यंत्रंही आता नवी मिळत नाहीत; जी आहेत ती दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. तेव्हा टेप एकदा उतरवून घेताना जे काही टाकून देऊ, ते बहुधा कायमचंच गेलं.

म्हणून आजचा विषय. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं यात कशाला पडावं, असं कोणी म्हणेल. पण एखाद्या वस्तूतून काय काय काढून घेतलं तरी ती तीच राहते, हा प्रश्न आमच्या धंद्यात फार जुना आहे. कॉम्प्रेशन करणारं यंत्र हा प्रश्न सेकंदाला पंचवीस वेळा सोडवत असतं, इतकाच फरक.

आधी हिशेब करू. आज सर्रास वापरतात ते 'फुल एचडी' चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे फ्रेम. कागदावर मांडून बघा, सेकंदाला साधारण १५५ एमबी येतात आणि तासाला ५६० जीबी. एका तासाच्या व्याख्यानानं अख्खा लॅपटॉप भरला. प्रत्यक्षात तेच व्याख्यान आपल्याला ९०० एमबीत मिळतं आणि बहुतेकांना त्यात काही उणं वाटत नाही. सहाशे भागांतला एक भाग उरला, ५९९ भाग गेले. ते गेले कुठे?

एक गैरसमज इथंच दूर करू. दुकानात किंवा घरात आपण विचारतो, "फाइल एमपी४ आहे का?" एमपी४ हा डबा आहे. एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हेही डबेच. डब्यात काय भरलंय ते वेगळं. आत चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून बसवलंय, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४, एच.२६५, व्हीपी९, एव्ही१ ही कोडेकची नावं. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतं, एव्ही१सुद्धा असू शकतं. शेजाऱ्याच्या फोनवर चालणारी एमपी४ आपल्या टीव्हीवर चालत नाही, तेव्हा डबा तोच असतो, आतला पदार्थ टीव्हीला पचत नाही. आणि आतला पदार्थ न बदलता नुसता डबा बदलता येतो. त्याला काही सेकंद लागतात आणि दर्जाला धक्का लागत नाही. पुष्कळ लोक त्यासाठी तासन्‌तास 'कन्व्हर्ट' करत बसतात आणि चित्र उगाच खराब करून घेतात.

आता ते ५९९ भाग. त्यांतले काही असे आहेत, की ते टाकले तरी परत जसेच्या तसे उभे करता येतात. पाणिनीनं 'अच्' म्हटलं की सगळे स्वर आले, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं आली. सूत्र लहान झालं, पण हरवलं काहीच नाही. शिवसूत्रं पाठ असलेल्याला पूर्ण यादी परत मिळते. याला बिनतोट्याचं कॉम्प्रेशन म्हणू. व्हिडिओतही हे चालतं, पण त्यावर फाइल निम्म्यावर येते, फार तर तिसऱ्या हिश्श्यावर. सहाशेव्या भागावर यायचं तर तोटा सोसावाच लागतो. प्रश्न एवढाच, की तो कुठं सोसायचा.

पहिला तोटा रंगात. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक फार बारकाईनं टिपतो, रंगातला फरक तितका नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकच. एवढ्यानं ५६० चे २८० जीबी झाले आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना कळलंही नाही.

दुसरी गोष्ट काळातली. वक्ता बोलतोय, हात हलतोय. मागची भिंत तासभर तशीच आहे. भिंत दर सेकंदाला पंचवीस वेळा कशाला पाठवायची? म्हणून अधूनमधून एक चित्र पूर्ण पाठवतात, त्याला की-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या चित्रांसाठी फक्त 'मघाच्या चित्रातला अमुक तुकडा एवढा सरकला, एवढा बदलला' असं कळवतात. खरी मोठी बचत इथं होते. यातूनच एक व्यवहारातली गोष्ट निघते आणि ती फॉरमॅटच्या निवडीपेक्षा जास्त कामाची आहे. कॅमेरा हातात धरला की भिंतसुद्धा हलते, मग सगळंच नव्यानं कळवावं लागतं. सभागृहात उजेड कमी असला की चित्रात वाळूसारखे कण नाचतात. ते कण दर फ्रेमला वेगळे, त्यांचा अंदाज बांधता येत नाही, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही ते दाबता येत नाही. वक्त्याच्या मागं पडदा फडफडत असेल तर तुमच्या फाइलमधला मोठा हिस्सा पडद्याच्या सुरकुत्यांवर खर्च होतो आणि वक्त्याच्या चेहऱ्याला उरलंसुरलं मिळतं. तिपाई लावा, दोन दिवे जास्त लावा, मागचा पंखा चौकटीत येऊ देऊ नका. फाइल लहान होईल आणि चित्रही सुधारेल. एकाच वेळी दोन्ही मिळायची अशी संधी पुढं कुठंही येत नाही.

तिसरा तोटा बारकाव्यात, आणि इथं एका भारतीय माणसाचं नाव घ्यायला हवं. नासिर अहमद. जन्म बंगळूरचा, पुढं अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक. १९७२ साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडं एका कल्पनेसाठी आर्थिक मदत मागितली, ती मिळाली नाही. कल्पना फारच साधी आहे असं परीक्षणात पडलं. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारीत छापून आला. त्यात मांडलेलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाचं गणित आज तुमच्या फोनमधल्या जवळजवळ प्रत्येक फोटोच्या आणि व्हिडिओच्या पोटात आहे.

ते काय करतं? चित्राचे लहान चौकोन पाडायचे, समजा आठ बाय आठ ठिपक्यांचे. आता ६४ ठिपक्यांचे ६४ आकडे लिहिण्याऐवजी तोच चौकोन लाटांच्या भाषेत लिहायचा. एकूण उजेड किती, डावीकडून उजवीकडं सावकाश काळोख होत जातो तो किती, मग जरा दाट लाट, मग आणखी दाट, अगदी शेवटी पट्टेरी कापडासारखी बारीक थरथर. आकडे पुन्हा ६४ च. इथवर काही हरवलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पण साधारण चित्रात जाड लाटांचे आकडे मोठे येतात आणि बारीक थरथरीचे अगदी नगण्य. मग वाणी जसा बिलातले पैसे सोडून रुपयावर आणतो, तसे हे आकडे गोल करायचे. जाड लाटा थोड्या गोल करायच्या, बारीक थरथर जास्त. बारीकसारीक आकडे शून्य होतात आणि शून्यांची रांग लिहायला जागा जवळजवळ लागत नाही. चित्राचं जे कायमचं जातं ते मुख्यतः या गोल करण्यात. किती गोल करायचं, तो सगळा मामला. रुपयावर गोल केलं तर कळत नाही, शंभरावर केलं तर भांडण होतं. स्वस्त फाइलमध्ये गालांवर चौकोनी ठिगळं दिसतात ना, ते शंभरावर गोल केल्याचं लक्षण.

आता आम्ही आमच्या विषयात शिरतो, थोडा धीर धरा. मीमांसक कुमारिलभट्ट आणि पुढं अद्वैती यांनी 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन मानलं. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कसं कळतं, त्याचं हे उत्तर. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून टेबलावर घडा नाही. नैयायिकांना ते स्वतंत्र साधन म्हणून मान्य नाही, तो वाद सोडून देऊ. पण एक अट सगळ्यांनीच घातली. नुसतं न दिसणं पुरत नाही. ती गोष्ट असती तर दिसली असती, एवढी ती दिसण्याला योग्य हवी. उजेड आहे, डोळे उघडे आहेत, घडा असता तर दिसलाच असता. म्हणून नाही म्हणता येतं. याउलट उदाहरण पिशाच्चाचं. टेबलावर पिशाच्च दिसत नाही, एवढ्यावरून तिथं पिशाच्च नाही असं सिद्ध होत नाही, कारण असतं तरी दिसलं नसतं. (हशा.)

कोडेक तयार करणारे इंजिनिअर चित्रातली पिशाच्चं शोधत असतात. जे असतं तरी दिसलं नसतं, ते टाका. त्याचा अभाव कोणाला कळणारच नाही. चांगलं कॉम्प्रेशन म्हणजे केवळ पिशाच्चं घालवणं. वाईट कॉम्प्रेशन म्हणजे त्याबरोबर घडाही जाणं.

पण दिसण्याला योग्य, ते कोणाला योग्य? आणि कशासाठी बघणाऱ्याला? पाच इंची पडद्यावर बघणाऱ्याला फळ्याच्या कडेचं बारीक अक्षर हे पिशाच्च आहे. सभागृहात प्रोजेक्टरवर बघणाऱ्याला तो चक्क घडा आहे. तबल्याच्या कार्यक्रमात श्रोत्याला बोटांची धूसर हालचाल पुरते, तबला शिकणाऱ्याला बोट कुठं पडलं ते हवं असतं. कमी ऐकू येणारा माणूस वक्त्याचे ओठ वाचतो. म्हणून 'या फाइलचा दर्जा किती?' हा प्रश्न अर्धवट आहे. दर्जा फाइलमध्ये बसलेला नसतो. फाइल आणि तिला काही विचारायला आलेला माणूस यांच्यातलं ते नातं आहे. आजच्या प्रेक्षकाचा प्रश्न आपल्याला माहीत आहे. चाळीस वर्षांनी येणाऱ्याचा माहीत नाही.

याचं एक जुनं उदाहरण बघा. टिळकांनी १९१६ साली बेळगावला आणि अहमदनगरला स्वराज्यावर भाषणं केली. ती पोलिसांच्या लघुलिपिकांनी टिपून घेतली आणि त्यांवरून खटला झाला. ध्वनिमुद्रण नाही. कागदावर शब्द आले, पण आवाजाचा चढउतार, कुठं थांबले, लोक कुठं हसले, हे त्या टिपणाच्या कामाचं नव्हतं. सरकारला जे हवं त्या मापानं ते कॉम्प्रेशन झालं होतं. आज एखाद्याला टिळकांच्या बोलण्याची लय अभ्यासायची असेल, तर त्याच्यासाठी नेमकं तेच गेलेलं आहे.

म्हणून आमचं मत असं, की एकाच फाइलकडून दोन कामं करून घेऊ नयेत. एक प्रत ठेवायची, ती उद्याच्या अनोळखी माणसासाठी. तिच्यात शक्यतो काहीही टाकायचं नाही. दुसऱ्या प्रती वाटायच्या, त्या आजच्या ओळखीच्या माणसांसाठी. त्या खुशाल लहान करा, हात आखडू नका. लोक मधली वाट काढतात, ना धड ठेवायला ना धड पाठवायला, अशी तीन जीबीची एक फाइल करून ठेवतात आणि मूळ टेप रद्दीत घालतात. ती मधली वाट आम्हाला अजिबात पसंत नाही.

ठेवायच्या प्रतीचं बघू. मिनीडीव्ही टेपवरचा माल आधीच डिजिटल आहे. त्यावर डीव्ही नावाचं कॉम्प्रेशन कॅमेऱ्यानंच केलेलं असतं, चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट. फायरवायर नावाची जुनी केबल लावून ते आकडे जसेच्या तसे संगणकावर उतरवता येतात. तासाला सुमारे १३ जीबी. शंभर टेप असल्या तर १३०० जीबी झाले, म्हणजे दोन टीबीची एक हार्डडिस्क, आणि तिची जोडीदार म्हणून दुसरी, ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची. एवढ्यासाठी उतरवतानाच एच.२६४ करून जागा वाचवणं म्हणजे दमडीच्या बचतीसाठी दागिना वितळवणं.

व्हीएचएसचं वेगळं. ती अ‍ॅनालॉग आहे, तिचे आकडे आपल्यालाच करावे लागतात. काहीच न दाबता घेतली तर तासाला जवळजवळ ७५ जीबी. इथं बिनतोट्याचा कोडेक वापरावा. एफएफव्ही१ नावाचा एक मुक्त कोडेक आहे, त्याचं अधिकृत वर्णन २०२१ मध्ये इंटरनेटच्या मानकांत प्रसिद्ध झालं, आणि जगातली अनेक अभिलेखागारं तो एमकेव्हीच्या डब्यात घालून वापरतात. त्यानं जागा निम्म्याच्या आसपास येते. त्याची आणखी एक गोष्ट आम्हाला आवडते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फ्रेमच्या तुकड्यांबरोबर पडताळणीचा आकडा लिहिता येतो. डिस्कवर एखादा बिट बिघडला तर कोणत्या फ्रेममध्ये, ते सांगता येतं. वेदपाठी लोकांनी जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट म्हणायच्या पद्धती बसवल्या, त्या याच कामासाठी. तिथं मंत्र लांबवला होता, तो सुरक्षित राहावा म्हणून. जपायचं असतं तेव्हा थोडी पुनरुक्ती हवी असते.

आता वाटायच्या प्रती. इथं एक आकडा पाठ करून ठेवा, सगळा हिशेब तोंडी होतो. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. याला बिटरेट म्हणतात. दोन मेगाबिट म्हणजे ९०० एमबी. मोबाइलवर बघणाऱ्यासाठी ३६० ओळींचं चित्र, चित्राला ३०० किलोबिट आणि आवाजाला ६४, असं धरलं तर तासाला साधारण १६५ एमबी. एक माणूस बसून बोलतोय अशा व्याख्यानाला हे चालतं. आवाजावर मात्र कात्री चालवू नका. ६४ किलोबिटचा आवाज तासाला तीस एमबीसुद्धा घेत नाही आणि व्याख्यान म्हणजे शेवटी आवाजच. चित्र अडखळलं तर प्रेक्षक सहन करतो. शब्द तुटला तर उठून जातो. फळा असेल तर गणित बदलतं. मग ७२० ओळी आणि एक मेगाबिट तरी हवा.

पण बिटरेट आधी ठरवणं ही मुळात उलटी पद्धत आहे. शांत बसलेल्या वक्त्याला आणि कथकच्या चक्करांना सारखंच राशन कसं पुरेल? म्हणून हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'दर्जा कायम' अशी पट्टी असते. एच.२६४ च्या प्रचलित एन्कोडरमध्ये ती शून्यापासून ५१ पर्यंत जाते, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. न बदलता सोडली तर २३ वर असते. १८ च्या आसपास मूळ आणि नक्कल यांतला फरक डोळ्याला सहसा ओळखू येत नाही. आकडा सहानं वाढवला की फाइल ढोबळमानानं निम्मी होते. एच.२६५ च्या एन्कोडरमध्ये हीच पट्टी २८ वर ठेवलेली असते. दोन पट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत, मापं वेगळी आहेत. आमची सूचना एवढीच, की पूर्ण व्याख्यान करण्याआधी त्यातला सगळ्यांत अवघड मिनिट निवडा, फळ्याजवळ जाऊन लिहितानाचा. तेवढाच तुकडा २०, २४, २८ असा तीनदा करून बघा, आणि ज्या पडद्यावर लोक बघणार आहेत त्याच पडद्यावर बघा. मोठ्या मॉनिटरवर नाक टेकवून नव्हे.

आणि कोडेक कोणता? एच.२६४ हे २००३ चं. त्यानंतर २०१३ मध्ये एच.२६५ आलं, निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा हे उद्दिष्ट धरून. तांत्रिक दृष्ट्या ते चांगलंच आहे, पण पेटंटधारकांचे तीन वेगवेगळे गट झाले आणि कोणाला किती पैसे द्यायचे याचा घोळ वर्षानुवर्षं चालला. त्या घोळाला कंटाळून मोठमोठ्या कंपन्यांनी २०१५ मध्ये एक आघाडी केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा परवान्याचं शुल्क न घेणारा कोडेक आणला. तो कमी जागेत छान चित्र देतो. किंमत वेळेची, एन्कोड करायला जास्त वेळ लागतो, आणि ज्या फोनमध्ये त्याची खास चिप नाही तिथं बॅटरी जास्त जाते. आज कोणाला माहीत नसलेल्या फोनवर, जुन्या टीव्हीवर, शाळेतल्या संगणकावर चालायला हवं असेल, तर आम्ही डोळे झाकून एच.२६४ म्हणू. ते म्हातारं आहे, पण सगळ्यांच्या घरी त्याची ओळख आहे.

एव्ही१ मधली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या फिल्मवर बारीक दाणे दिसतात. मघाशी म्हटलं तसं दाणे दाबता येत नाहीत. मग या कोडेकमध्ये अशी सोय केली आहे, की दाणे आधी पुसून टाकायचे, दाणे कसे होते याची कृती तेवढी लिहून पाठवायची आणि बघणाऱ्याच्या फोननं तशा जातीचे नवे दाणे तयार करून चित्रावर शिंपडायचे. बघणारा म्हणतो, वा, अस्सल फिल्म. त्यातला एकही दाणा मूळ फिल्मवर नव्हता. करमणुकीला आमची हरकत नाही. पण ठेवायच्या प्रतीत हे चालणार नाही, कारण इथं आपण एक सीमा ओलांडली. वस्तू न दिसणं वेगळं आणि एका जागी दुसरंच दिसणं वेगळं. पहिलं अग्रहण, दुसरं अन्यथाग्रहण. अंधारात दोरी दिसली नाही तर माणूस कंदील आणतो. दोरीच्या जागी साप दिसला तर पळत सुटतो, कंदील आणत नाही.

हे केवळ शास्त्रार्थातलं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात खोल्यांची मापंच बदलताहेत. कागदावर ६ असेल तिथं ८ उमटत होता. कारण कॉम्प्रेशन. ते यंत्र सारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसरा वापरत होतं. आकडा पुसट आला असता तर माणसानं पुन्हा तपासला असता. तो स्वच्छ, ठळक आणि चुकीचा आला. आता जुन्या टेप 'एआयनं सुधारून' देणारे प्रोग्रॅम आले आहेत. धूसर चेहऱ्यावर ते पापण्या काढून देतात. घरी बघायला वाटलं तर करा. पण फळ्यावरच्या अस्पष्ट सालाचा त्यांनी स्पष्ट आकडा करून दिला, तर तो पुरावा मानू नका, आणि मूळ टेपच्या जागी ती फाइल ठेवू नका.

वेळ होत आला. तीन चिठ्ठ्या आल्या आहेत.

पहिली : लहान फाइल परत मोठी करून दर्जा वाढतो का? नाही. पाणी घातलेलं ताक मोठ्या पातेल्यात ओतलं तर दाट होत नाही. उलट प्रत्येक वेळी नव्यानं एन्कोड केलं की आकडे पुन्हा गोल होतात, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप पुढं संग्रहात ठेवू नये. ज्यानं पाठवली त्याच्याकडं मूळ फाइल मागावी, आणि ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागावी, म्हणजे वाटेत कोणी दाबत नाही.

दुसरी : फक्त सुरुवातीची पाच मिनिटं कापायची आहेत, पुन्हा एन्कोड करावं लागेल का? करू नका. एन्कोड न करता कापणारे प्रोग्रॅम आहेत, एफएफएमपेगमध्ये ती सोय आहे. एकच अडचण, काप की-फ्रेमवर पडतो, त्यामुळं एक-दोन सेकंद मागंपुढं होतं. तेवढं सोसावं.

तिसरी एका ताईंची आहे. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची व्हीसीडी आहे, एमपी४ करून घ्यायला दुकानदार चारशे रुपये मागतो, द्यावेत का? ताई, व्हीसीडीवर एमपीइजी-१ असतं, आडवे ३५२ ठिपके, उभे २८८, सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिट. त्यात काढून टाकण्याजोगं आता काही उरलेलं नाही. डिस्क संगणकात घाला, आतल्या फोल्डरमधली 'डॅट' नावाची मोठी फाइल आहे तशी कॉपी करून दोन ठिकाणी ठेवा. व्हीएलसी प्लेअरवर ती तशीच चालते. ही तुमची ठेवायची प्रत. मग नातेवाइकांना पाठवायला तिची एमपी४ घरी हँडब्रेकवर करा, पट्टी २० वर ठेवून. डिस्कवर ओरखडे असतील आणि एका संगणकावर ती वाचली गेली नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते. पण हे या आठवड्यातच करा.